सासूला शिवलेलं कव्हर

खटपट्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नाही. जिन्याखालच्या खोपटात बसून तो लोकांचे रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. शाळा अर्धवट सुटलेली, पण बिघडलेली वस्तू समोर आली की गडी तहानभूक विसरायचा. बायको म्हणायची, "अहो, मीच एकदा बंद पडते, म्हणजे तरी बघाल माझ्याकडे."

त्याचा बाप गटारं उपसायचा. एके दिवशी चेंबरमध्ये उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवरून. आतल्या गॅसने घात केला होता. साहेबलोकांनी काय करावं? बापाच्या जागी धाकट्या मुलाला लावलं! वर उपकार केल्याचा आव. घरात चूल पेटायला हवी होती, धाकटा निमूट कामाला लागला. तेव्हापासून खटपट्याचा जीव टांगणीला. बाप गेला तो गेला, धाकटा जाता कामा नये, एवढाच त्याचा ध्यास.

जुनी पुस्तकं चाळून, कॉलेजातल्या एका सरांच्या डोक्याला ताप देऊन त्याने एक पेटी बनवली. माणूस उतरण्याआधी ती दोरीला बांधून चेंबरमध्ये सोडायची. तिच्या जाळीतून हवा आत शिरायची. हवा विषारी असली की पेटी अशी किंचाळायची की रस्त्यावरची कुत्री शेपूट घालून पळायची. नसली तर नुसता हिरवा दिवा. धाकट्याच्या टोळीने तिचं नाव ठेवलं सासू. "सासू ओरडली रे, मागे व्हा!" कामाचा खोळंबा होतो म्हणून मुकादम करवादायचा, पण माणसं जिवंत घरी जात होती. मग बाकीच्या टोळ्यांनीही एकेक सासू मागून नेली.

पण पेट्या भिजायच्या, चिखलाने बरबटायच्या, बंद पडायच्या. धाकटा पुन्हा एकदा मेलेली पेटी घेऊन आला, तेव्हा खटपट्या भडकला. "अरे, काही काळजी आहे की नाही? तळहातावरच्या फोडासारखं जपा तिला! पाण्याचा थेंब लागता कामा नये!"

धाकटा मान खाली घालून गेला. दादाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. त्याची बायको घरी मशीनवर पडदे, अभ्रे शिवायची. तिने पेटीच्या मापाचं पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर शिवलं, चारी बाजूंनी बंद. दिवा बाहेरून छान दिसायचा. काम इतकं फक्कड झालं की बाकीच्या टोळ्यांनीही तिच्याकडून कव्हरं शिवून घेतली. दादाला सांगायचं तेवढं राहिलं. पेट्या दुरुस्तीला येईनाशा झाल्या आणि हा वेडा मनातल्या मनात खूश! आपलं बोलणं लागू पडलं म्हणे.

मग एका सकाळी धाकट्याने सासू खाली सोडली. ती गप्प राहिली. हिरवा दिवा बघून तो उतरला, आणि वरून मारलेल्या हाकेला त्याने ओ दिली नाही.

सगळं उरकून घरी आल्यावर टोळीतल्या एकाने पेटी खटपट्यापुढे ठेवली. घर माणसांनी भरलं होतं, सगळ्या टोळ्यांतले लोक होते. "भाऊ, ही ओरडली का नाही?" त्याने विचारलं.

कोपऱ्यातून धाकट्याची बायको म्हणाली, "तिची काही चूक नसेल हो दादा. फार जपायचे ते तिला. बघा ना, साधा ओरखडा नाही. कव्हर मीच शिवून दिलं होतं."

खटपट्याने कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. पेटीची जाळी पुरती झाकली गेली होती. आतली एक तार सुटली होती, एवढं म्हटलं की झालं. पोर निदान आपल्या दुःखावर रडून मोकळी झाली असती. पण समोर बसलेली ही माणसं सकाळी पुन्हा उतरणार होती, तीच कव्हरं घालून.

"कव्हरं काढा," तो म्हणाला. "सगळ्यांची. आत्ताच्या आत्ता. त्यातून हवा आत जात नाही."

"म्हणजे मी?" तिने विचारलं.

"तू नाही गं पोरी. जपा म्हणून मी बोंबललो. कसं जपायचं ते सांगायला हवं होतं मीच."

ते ऐकायला ती थांबलीच नाही. आत गेली.

कव्हरं निघाली. सासवा पुन्हा ओरडू लागल्या आणि त्यानंतर कोणी हातांवरून वर आलं नाही. धाकट्याची बायको माहेरी निघून गेली, मशीन विकून. खटपट्या एकदा तिला भेटायला गेला, तर तिच्या वडिलांनी त्याला दारातच थांबवलं. म्हणाले, "ती बाहेर येणार नाही. म्हणते, तुम्ही त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं."

खटपट्याने मान डोलावली. त्यालाही रोज तेच वाटत होतं.