टीचरकाकूंची मधली जागा

स्कूटरचा आवाज आला की टीचरकाकू बोलता बोलता थांबायच्या. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं क्वार्टर होतं, आणि शिफ्ट सुटली की रस्त्यावर स्कूटरीच स्कूटरी. त्या गर्दीतून काकांची स्कूटर त्या नेमकी ओळखायच्या. अंगणात आईशी बोलताना मान किंचित वाकडी करून ऐकायच्या, "दुसऱ्याची हाय," म्हणायच्या आणि राहिलेलं बोलणं पूर्ण करायच्या. काकांची असली तर काही न म्हणता आत निघून जायच्या.

काका वाईट माणूस आहे असं सेक्टरमध्ये कोणी म्हटलं नसतं. ते दारू पीत नसत. बुद्धविहारात पौर्णिमेच्या वंदनेला पहिल्या रांगेत बसत. फक्त बायकोवर त्यांचा विश्वास नव्हता. "कावून उशीर झाला? कोनासंग बोलून राहिली होती?" भिंतीपलीकडून हे रोज ऐकू यायचं. दुपारपाळी असली की ते बाहेरून कुलूप लावून जायचे. एकदा काकूंच्या मनगटाला प्लास्टर दिसलं. शाळेत त्यांनी बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगितलं. आईला मात्र खरं सांगितलं.

त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "पोरी, तुह्या स्कूटीवर मले दुर्गच्या कोर्टात नेशील? घरी कोनाले सांगू नको." मी तेव्हा कॉलेजात होते. रस्ताभर मी आरशात मागे बघत होते, आणि काकूंनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की उतरल्यावरही तो दुखत होता.

वकीलबाईंनी घटस्फोटाचे कागद काढले तेव्हा काकूंनी ते हातानं मागे सारले. "मले वेगळं राहाचं हाय. तोडाचं नाही." वकीलबाईंना असे लोक नवे नसावेत. त्यांनी शांतपणे समजावलं, "न्यायिक पृथक्करण होता है, मॅडम. शादी कायम रहेगी, साथ रहना ज़रूरी नहीं रहेगा. दूसरी शादी दोनों नहीं कर सकते. और साल भर साथ नहीं रहे, तो दोनों में से कोई भी तलाक माँग सकता है."

परतताना मी वैतागून विचारलं, "काकू, एवढं सोसलं, मग पूर्ण का नाही सोडत?"

"घटस्फोट मागितला तर त्यायले वाटन, सगळं संपलं. सगळं संपलेला मानूस काय करन, मले मायीत नाही." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आनि पंधरा वर्षं एका दिवसात पुसाची माह्यी हिंमतबी नाही."

काकांनी विरोध केला नाही. न्यायाधीशांसमोर हात जोडून त्यांनी एवढंच विचारलं, "अलग रह ले साहब. पर बीवी तो मेरी ही रहेगी ना?" बाकावर शेजारी बसलेल्या काकूंची नखं माझ्या तळहातात रुतली.

निकाल हाती आल्यावर काकू दुर्गमध्येच पद्मनाभपूर भागात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. निकालाची प्रत डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली घडी करून ठेवलेली असायची. "हे दाखवलं तर पोलीस ऐकतीन ना?" हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल! मी हो म्हणायचे. मलाही नक्की माहीत नव्हतं.

पहिलं वर्षभर काका दर रविवारी समोरच्या पानठेल्यापाशी येऊन उभे राहायचे. वर यायचे नाहीत, हाकही मारायचे नाहीत, फक्त खिडकीकडे बघायचे. काकू पडदा ओढून आत वह्या तपासत बसायच्या. एकच वही तीनदा तपासायच्या. ते गेले की म्हणायच्या, "आजचा दिवस गेला." मी रविवारी तिथे जाऊ लागले ते अभ्यासाच्या निमित्तानं. खरं तर त्या एकट्या असतील या विचारानं घरी माझं मन लागत नसे.

वर्ष सरल्यावर त्यांचे भाऊ भंडाऱ्याहून आले. "एक काय ते कर, बाई. एक तर जाय, नाही तर सोड. लोक विचारून राहिले."

काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "दोन्हीच्या मधात एक जागा हाय, दादा. मी तिथं राहून राहिली. मले तिथं झोप लागते."

तिसऱ्या वर्षी एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली. मी कडी धरून उभी राहिले. काकूंनी मला बाजूला केलं आणि स्वतः दार उघडलं. "आत या म्हननार नाही. बोलाचं असन तर इथूनच बोला." काका जिना उतरून गेले. त्यानंतर पानठेल्यापाशी ते दिसले नाहीत. दार लावून काकू जमिनीवरच बसल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, पानी दे."

निवृत्तीनंतर काकूंनी नागपूरला राहायचं ठरवलं. दुर्ग स्टेशनवर त्यांना पोचवायला मी एकटीच गेले होते. गाडी लागली, सामान चढवलं, काकू खिडकीशी बसल्या, आणि फलाटावर काका दिसले. केस पांढरे झालेले, शरीर खंगलेलं. शाळेतल्या कोणीतरी सांगितलं असावं. मी खिडकीसमोर आडवी उभी राहिले, पण ते मला वळसा घालून खिडकीशी आले.

"वकील म्हनते, घटस्फोटाचा अर्ज मीबी देऊ शकतो. देऊ का?"

काकूंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "द्या. तारखेले मी येईन. आता मले तुमच्यासमोर उभं राहाले भेव नाही लागत."

गाडी हलली. काकूंनी मला हात केला, मग खिडकीशी सावरून बसल्या. शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही दोघं फलाटावर उभे होतो. मग काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आज घाबरली नाही ना तुही काकू मले पाहून?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ते जिन्याकडे चालू लागले. मी तिथेच उभी राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं, रोज, माहीत होतं.