सात टिंबं

गायकवाड गेल्याचं त्यांच्या मुलीचं कार्ड येरमाळ्याहून आलं, त्याला आता पाच आठवडे झाले. तीन ओळींचं कार्ड. ते हाती पडलं तोवर जलदानविधीही होऊन गेला होता. माझं जाणं राहिलं...

मोठा दुष्काळ सरल्यावर आम्ही दोघं एका पाहणीत कामाला होतो. गावोगाव दूधसंस्था निघत होत्या आणि लोकांना सहकाराबद्दल मनातून काय वाटतं, ते विचारून लिहायचं होतं. गायकवाड गावात जाऊन बोलत. मी धाराशिवच्या खोलीत बसून त्यांच्या वह्यांतली उत्तरं 'सहमत', 'असहमत' अशा रकान्यांत लावी. त्यांचं अक्षर सुरेख, पण प्रत्येक उत्तराआधी टिंबंच टिंबं. एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "माणूस बोलायच्या आधी गप बसतं ना, त्याची हायेत ती. एका श्वासाला एक टिंब."

"मग ती कुठल्या रकान्यात घालू?"

"ते तुमचं तुम्ही बघा, तक्तेवाले. श्वास बसत न्हाय व्हय तुमच्या तक्त्यात?"

दोघंही हसलो. मी टिंबं सोडून दिली.

पाहणीतलं एक गाव त्यांचं स्वतःचं होतं. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या बायकांना विचारलं होतं, गावातल्या केंद्रावर सगळ्यांच्याच कॅनमध्ये तुमचं दूध ओतायला काही अडचण? सगळ्यांचं उत्तर एकच, "कुणाची हरकत न्हाय." मी सगळ्या 'सहमत'मध्ये घातल्या. बेरीज जुळली की मला बरं वाटतं, तसं तेव्हाही वाटलं. त्या बेरजेवरून अहवालात वाक्य गेलं की, केंद्र सर्वांना मान्य आहे. वस्तीजवळ दुसरं केंद्र काढायचं घाटत होतं, ते त्या वाक्यानं बारगळलं.

अहवाल वाचून गायकवाड खोलीवर आले. आवाज चढवला नाही. वही उघडून त्यांच्या चुलतीचं, शेवंताबाईंचं उत्तर पुढं केलं. "मोजा."

सात टिंबं होती.

"हरकत कोण घेणार? आमचं कुणी तिकडं जातच न्हाय. सात श्वास ती तेवढंच गिळत होती, आन् तुम्ही तिला सहमत करून टाकली."

अहवाल छापून झाला होता. मी दुरुस्तीचं पत्र धाडलं, उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेवंताबाईंनी म्हैस विकली. आमचं जाणं-येणं टिकलं, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. उठता उठता मी विचारलं, "त्या तक्त्याचा राग गेला का हो?" ते पत्र्याकडं बघत राहिले. मला मोजायची सवय. पाच श्वास झाले. मग म्हणाले, "राग न्हाय, तक्तेवाले."

परवा मुलीनं ती वही पाठवली. शेवंताबाईंच्या पानाची मागची बाजू कोरी आहे. तिथं मी गायकवाडांचं ते शेवटचं उत्तर टिंबांसकट लिहून ठेवलं. रकाना घातला नाही. टिंबं मात्र चारच दिलीत... पाचवा श्वास अर्धाच होता, आणि अर्ध्या श्वासाला काय खूण करायची, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.