चष्म्यातला लांडगा

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मामंजी, म्हणजे माझे सासरे, सोलापुरात आमच्या फ्लॅटवर राहतात. त्यांचा सगळा जन्म करमाळ्याकडच्या माळावर मेंढरांमागे गेला. इथं ते गॅलरीत बसून सात रस्त्याची रहदारी बघत आणि रिक्षावाल्यांवर शेरे मारत. शिवाय दर दोन दिवसांनी एकच मागणी, ''मला गावाकडं सोडा. चार मेंढरं राखतो की.''

मेंढरं आम्ही विकली होती. ते दवाखान्यात असताना, त्यांना न विचारता. निर्णय माझा, नवऱ्याने फक्त मान डोलावली. मामंजी त्यावर आजवर एक अक्षर बोलले नव्हते, म्हणजे त्यांना ते पटलं, असं मी धरून चालले होते. शाळेत शिकवण्याचा हा एक तोटा आहे. समोरचा गप्प बसला की त्याला समजलं असंच वाटतं.

शहराच्या कडेला एक निसर्ग उद्यान आहे. तिथं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा आल्याचं कळलं. तो डोळ्यांवर चढवला की आपण थेट गवताळ माळावर उभे, मान वळवू तिकडचं दिसणार. मी बेत केला. दहा मिनिटं माळ दाखवायचा, म्हणजे हौस फिटेल आणि गावाचं तुणतुणं बंद होईल. रविवारी त्यांना घेऊन गेले.

पहिली अडचण फेट्याची. चष्म्याचा पट्टा फेट्यावर बसेना आणि मामंजी फेटा उतरवेनात. शेवटी तिथल्या गाइडताईंनी पट्टाच पार सैल केला. मामंजी फिरत्या खुर्चीत बसले, काठी मांडीवर. त्यांना जे दिसेल ते बाजूच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं.

काळविटांचा कळप गेला. ''लई ब्येस,'' मामंजी म्हणाले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

''आजोबा, आता समोर बघा हं,'' गाइडताई म्हणाल्या. ''लांडगा येतोय. एकटाच आहे.''

या ठिकाणी म्हणे कुणी किंचाळतं, कुणी खुर्ची घट्ट धरतं. मामंजींनी लांडगा दिसल्याबरोबर त्याच्याकडे पाठच केली. गर्रकन खुर्ची फिरवली, काठी उगारली आणि अशी आरोळी ठोकली की रांगेतल्या एका बाईंच्या हातातला चिवड्याचा पुडा सांडला.

मी शरमेने अर्धी झाले. ''मामंजी, लांडगा पुढे आहे! पुढे बघा!''

''म्होरचा ऱ्हाऊ दे गं! मागं बग, बाभळीखाली!''

पडद्यावर आता मागची बाजू दिसत होती. बाभळीच्या सावलीत, गवताला पोट टेकून, दुसरा लांडगा बसला होता.

गाइडताई पडद्याजवळ गेल्या. ''अगंबाई! रोज दाखवते मी हे. पण मागं कुणी वळतच नाही, सगळे पुढच्याकडेच बघतात.''

मामंजींनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. ''पन मेंढरं कुटं हायत ह्यात?''

''नाहीत आजोबा. यात फक्त जंगली प्राणी आहेत.''

''मग ह्यो बिचारा हितं कशापायी दबा धरून बसलाय?''

परतताना रिक्षात मी विचारलं, ''तुम्हाला कसं कळलं मागं दुसरा असेल म्हणून?''

''त्यात काय कळायचं? म्होरचा नुसतं तोंड दावतो. आपुन त्येच्याकडं बगत ऱ्हायलो की मागला येऊन कोकरू उचलतो.'' मग म्हणाले, ''दवाखान्यात मी डाक्टरकडं बगत ऱ्हायलो. आन् मागं तुमी समदी मेंढरं नेली.''

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. मला रडूच आलं.

''चुकलं माझं, मामंजी. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.''

''व्हय. पायजे हुतं.''

रिक्षा सिग्नलला थांबली. मी पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, ''या आठवड्यात गावाकडं जाऊ. मेंढरं किती घ्यायची, ते तुम्ही सांगा.''

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

''आता इचारतीस व्हय?'' ते म्हणाले.