बाबांना नको असलेली तारीख

डॉक्टरांनी चिमटीत धरलेली बाबांची जीभ सोडली, कपाळावरचा गोल आरसा वर सरकवला आणि ते हात धुवायला गेले. हात धुवायला त्यांना फार वेळ लागला. 

"वकीलसाहेब, लॅरिंक्सवर गाठ आहे. कॅन्सर असावा."

लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. त्याच्याच जोरावर आमचं घर चालत होतं. कॅन्सर हा शब्द तेव्हा अमरावतीत कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

बाबा फौजदारी वकील. मी चालायला लागण्याआधीच आई गेली. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, पण त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. कोर्टात जाण्यापूर्वी माझी वेणी तेच घालायचे, आणि इतकी घट्ट की दिवसभर माझ्या भुवया वर ओढलेल्या राहत. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले तीही त्यांच्याच हट्टाने. त्यांच्यावाचून मला कोणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचा माझा राग समजेल.

आवाज दिवाळीपासूनच बसला होता. पण वकिलाचा घसा बसणं म्हणजे शेतकऱ्याच्या पायाला चिखल लागणं, त्यात घाबरायचं काय? ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. दुखत नव्हतं, ताप नव्हता. उलट कोर्टातली मंडळी म्हणत, घोगरेपणाने बोलण्याला वजन आलं. बाबा खूश व्हायचे. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, हेच त्याचं कपट.

मग बायॉप्सी झाली. म्हणजे गाठीचा कण काढून तो तपासणं. तो मुंबईला गेला आणि आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन येऊन बसू लागलो. उत्तर आलं ते डॉक्टर म्हणाले होते तेच.

"मुंबईला जाऊन स्वरयंत्र काढून घ्या. आवाज जाईल, पण जीव वाचण्याची आशा आहे. उशीर केलात तर दोन्ही जातील."

बाबांनी शांतपणे विचारलं, "होळीनंतर चालेल काय?"

बचावाच्या वकिलाला लांबलेली तारीख नेहमी फायद्याची. साक्षीदार विसरतात, फिर्यादी थकतो, गावाचा राग निवतो. बाबांनी निम्मी वकिली तारखा मागूनच जिंकली होती. आजाराशीही ते तसेच वागायला गेले.

होळीनंतर अकोल्याच्या सेशन्स कोर्टात त्यांना युक्तिवाद करायचा होता. हिवरखेडचा महादेव, भाजीपाला पिकवणारा तरुण माणूस. पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली, शेजारी मेला, आणि खुनाचा आरोप याच्यावर. त्याची आई, सखुबाई, आमच्या पायरीवर येऊन बसायची. "साहेब, तुमीच बोला. आमी दुसऱ्या कोणाले ओळखत नाही."

मी बाबांना म्हटलं, "दुसरा वकील द्या तिले."

"उलटतपासणी म्या घेतली. कोणता साक्षीदार कुठं अडखळला ते मले ठाऊक. दुसरा उभा राहिला त महादेव फासावर गेला समज."

"अन् तुमाले काही झालं त मी कोणाकडे पाहू?"

बाबांनी चष्मा लावला आणि महादेवच्या खटल्याचे कागद पुढे ओढले. 

तारखेला मी बरोबर अकोल्याला गेले. सरकारी वकील उठले: एका साक्षीदाराला पुन्हा बोलवायचं आहे, तो आजारी आहे, मुदत मिळावी. बाबा ताडकन उभे राहिले. "माझी हरकत आहे." शब्द न्यायाधीशांपर्यंत पोचलाच नाही. त्यांनी तो पुन्हा म्हटला, आणि मागे बसलेले वकील चक्क हसले. आयुष्यभर तारखा मागणारा माणूस आज तारीख नको म्हणतो! आजाराचं खरं कारण सांगावं तर न्यायाधीश दुसरा वकील नेमायला सांगणार, म्हणून बाबा खाली बसले. तारीख पडली ती थेट उन्हाळी सुटीनंतरची.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या श्वासाला शिट्टी येऊ लागली. तिला स्ट्रायडर म्हणतात. हवेची वाट अरुंद होत चालल्याची ती खूण. दुपारी ते वाळ्याच्या ताटीमागे पडत आणि मी शेजारच्या खोलीत शिट्टी ऐकत बसे. ऐकू आली की भीती वाटायची आणि थांबली की त्याहून जास्त. मग मी धावत जायची. ते नुसते कूस बदललेले असायचे.

युक्तिवादाच्या दिवशी बाबांचा आवाज ऐकू येईना, म्हणून न्यायाधीशांनी छताला टांगलेला, शिपाई दोरीने ओढायचा तो कापडी पंखा थांबवायला लावला. त्याची दोरी कुरकुरायची. त्या उकाड्यात सगळं कोर्ट घामाने भिजत, श्वास रोखून बसलं होतं. बाबा दोन वाक्यं कुजबुजायचे आणि टेबल धरून हवा ओढायचे. महादेव सुटला. सखुबाई त्यांच्या पायांवर कोसळली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लगेच बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरली. तिथल्या सर्जननी तपासलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "आता ते काढता येणार नाही. श्वासापुरती सोय करू." ती सोय म्हणजे ट्रॅकिऑटॉमी. मानेला पुढून छेद देऊन त्यात चांदीची नळी बसवतात आणि रोगी तिच्यातून श्वास घेतो. नळीवर बोट दाबलं तर थोडं बोलता येतं, पण तेवढा वेळ श्वास कोंडतो. म्हणून त्यांनी पाटी वापरायला सांगितली.

घरात कोणाचा आवाज बसला आणि पंधरवडा उलटूनही सुटला नाही, तर ज्येष्ठमध बाजूला ठेवा आणि घसा दाखवा. वकील, कीर्तनकार, मास्तर असाल तर आधी दाखवा. माझं सांगणं एवढंच.

लोक म्हणतात, बाबांनी स्वतःचा आवाज देऊन एकाचा जीव वाचवला. खरं आहे, पण कितीतरी दिवस मला ते ऐकवत नसे. तो आवाज माझाही होता, मला कोणी विचारलं नव्हतं. आज तो राग उरलेला नाही, त्याचं कारण शेवटचे काही महिने. भेटायला येणाऱ्यांना बाबा पाटीवर लिहून दाखवायचे. डॉक्टरांना पाटी, अशिलांना पाटी. महादेव पहिली वांगी घेऊन आला, त्यालाही पाटीच. आणि संध्याकाळी मी शाळेतून आले की पाटी खाली ठेवायचे, नळीवर बोट दाबायचे, चेहरा लाल होईपर्यंत श्वास कोंडून म्हणायचे, "कुसुम, जेवली काय?"