मी सुरक्षित आहे

करुणा भालेराव नऊ वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना डोळ्यांतला उजेड घेऊन गेला. तिची आई सोजरबाई मांडवगण फराट्यात लोकांच्या शेतात खुरपायला जायची. वस्तीतले लोक म्हणाले, आंधळी पोर घरातच ठेव. सोजरबाईनं कुणाचं ऐकलं नाही. पुण्याच्या अंधशाळेत तिला घातलं आणि सुट्टीत पोर घरी आली की नजर जायच्या आधी तिनं गिरवलेली अक्षरं तिच्याकडूनच स्वतः शिकली.

सत्ताविसाव्या वर्षी करुणा गावात घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करत होती. तिच्या फोनमध्ये बोलणारा आवाज होता. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते तो वाचायचा, दोनदा टिचकी मारली की ते दाबलं जायचं. कंपनीचं प्रत्येक नवं ॲप न दिसणाऱ्या माणसाला वापरता येतं का, हे ती तपासायची. कुठं अडतं ते सांगायची आणि पान कसं मांडायचं तेही सुचवायची.

त्या वर्षी कंपनीनं नदीकाठच्या गावांसाठी ॲप केलं. धरणातून पाणी सुटलं की फोनवर लाल पान यायचं. करुणानं ते उघडलं. आवाज म्हणाला, "चित्र. बटन." पुढं काही नाही. अख्खा इशारा कुणीतरी सुंदर चित्रात लिहिला होता आणि खालच्या बटनाला नाव दिलं नव्हतं. तिनं तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा तिचे साहेब रोहिदास सर यांचा फोन आला.

"तुझं बरोबर आहे करुणा. पण पावसाळा तोंडावर आलाय. आत्ता 'चाचणी पूर्ण' लिहून दे. पुढच्या आवृत्तीत पहिलं काम हेच."

दोन दिवस तिनं मेल तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी लिहून दिलं.

पंधरा दिवसांनी महबूबमामांचा फोन आला. ते भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, अगदी नदीला लागून राहायचे. दोर वळायचे आणि चार शेळ्या राखायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यावर दौंडला अंधांसाठी भरलेल्या शिबिरात करुणानंच त्यांना बोलता फोन शिकवला होता.

"पोरी, गावातल्या पोरांनी तुमच्या कंपनीचं ॲप घातलं बरं का फोनात. आता पाण्याचं कुणाला इचाराय नको."

"मामा, त्याच्यावर लई भरवसा ठेवू नका."

ते हसले. "तूच तर शिकवलंस भरवसा ठेवायला."

करुणानं त्यांच्या बायकोची, लालबीमामींची, खुशाली विचारली आणि फोन ठेवला.

ऑगस्टात घाटमाथ्यावर, धरणांच्या बाजूला, चार दिवस पाऊस कोसळत होता. मांडवगणला मात्र कडक ऊन होतं. अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या तापल्या होत्या. वर ढगाचं नाव नाही आणि खाली नदीचा आवाज बदललेला. लोक लगबगीनं काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढत होते. सोजरबाई दारात उभी राहून म्हणाली, "उन्हात पूर येतोय बघ. मला न्हाई बरं वाटत."

दुपारी दोन वाजता करुणाचा फोन वाजला. "चित्र. बटन." सवयीनं तिनं दोनदा टिचकी मारली. आवाज गप्प झाला.

"आये, बघ गं काय लिहिलंय."

सोजरबाईनं फोन डोळ्यांजवळ धरला. "मगा लाल व्हतं, आता हिरवं झालंय." मग अक्षर अक्षर जुळवत वाचलं, "'मी सुरक्षित आहे', अशी तुमची नोंद झाली."

चाचणीच्या वेळी ते बटन नुसतं पान बंद करायचं. नोंदीची भर नंतर कुणीतरी घातली होती, तिला न विचारता. होडी घेऊन फिरणारे स्वयंसेवक हीच नोंद बघत. हिरव्या नावाच्या घरी कुणी जायचं नाही.

तिनं महबूबमामांना फोन लावला.

"मामा, फोन वाजला का?"

"व्हय की. चित्र, बटन, चित्र, बटन करत व्हता. दाबलं, मग गप बसला. म्हंजी काय न्हाई."

"लालबीमामी कुठं हायेत?"

"लेकीकडं गेलीय शिरूरला. का गं?"

"पाणी सुटलंय मामा. आत्ताच्या आत्ता वर निघा."

तिला पलीकडून शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं आणि त्याच्याखाली दुसरा एक आवाज, घरात पाणी हिंदकळल्यासारखा.

"पोरी," मामा हळू म्हणाले, "पायाला गार लागतंय." आणि फोन बंद झाला.

तिनं होडीवाल्या स्वयंसेवकांपैकी ओळखीच्या जालिंदरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्यांच्या नावापुढं हिरवी खूण हाय. हितं लाल नावंच उरकंनात."

"ती खूण खोटी हाय भाऊ! ज्यांना दिसत न्हाई त्या सगळ्यांची खोटी हाय. मीच पास केलंय ते ॲप. जावा तिकडं, पाया पडते."

पाऊण तास काही कळलं नाही. सोजरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मग जालिंदरचा फोन आला. मामा बाभळीला दोर बांधून, दोराला मिठी मारून छातीभर पाण्यात सापडले होते. शेळ्या गेल्या.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी बटनाला नाव मिळालं, इशारा वाचता येऊ लागला. जे काम दोन महिने पुढं ढकललं होतं, ते दुपारभरात झालं. रोहिदास सर फोनवर म्हणाले, "फार वाढवू नकोस. 'चाचणी पूर्ण' हा मेल तुझ्या नावाचा आहे, विसरू नकोस."

ती विसरली नव्हती. तिनं सगळं लिहिलं, आपण 'चाचणी पूर्ण' का लिहून दिलं तेही, आणि कंपनीत सगळ्यांना पाठवलं. तिला कुणी काढलं नाही. फक्त तिच्याकडं ॲप यायची बंद झाली, आणि ती न तपासताच लोकांच्या फोनात जाऊ लागली.

मग ती सोजरबाईला घेऊन मामांकडं गेली. ते भिंतीला टेकून बसले होते. लालबी म्हणाली, "दिवसातून धा येळा मला पाणी बघाय धाडत्यात."

"आता बोलतो म्हणं तुझा फोन?" मामांनी विचारलं.

"व्हय मामा. नीट बोलतो."

"बोलू दे," ते म्हणाले. "मी माझा फोन पेटीत टाकलाय."

करुणानं त्यांची माफी मागितली. त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि लालबीला पाणी बघून यायला सांगितलं.

गावागावांत विचारून तिनं नदीकाठच्या न दिसणाऱ्या माणसांची नावं काढली. अकरा निघाली. सप्टेंबरात पुन्हा पाणी सुटलं तेव्हा इशारा स्पष्ट ऐकू आला. तरी तिनं अकराही घरी फोन केले, मामांसाठी लालबीला. दहा ठिकाणांहून माणसाचा आवाज ऐकूनच ती पुढं सरकली. अकराव्यानं चौथ्यांदा लावल्यावर फोन उचलला. तोवर तिनं जालिंदरला होडी काढायला लावली होती.