मीठ कसं आहे?

आमच्या काकांइतका आभाळाच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल, आणि आभाळानेही इतकं कमी मनावर घेतलेला माणूस दुसरा झाला नसेल. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात. काका अंगणात येऊन आधी मान वर करत, मग नाकाने दोनदा हवा ओढत, आणि मग आभाळाकडे असं बघत की जणू त्याने कालचा गृहपाठ आणलेला नाही.

काका म्हणजे ह्यांचे सख्खे काका, माझे चुलत सासरे. माधव नगरातल्या घरात आम्ही पाच माणसं होतो: काका, काकू, त्यांची एकुलती एक कुसुम, हे आणि मी. काका भूगोलाचे मास्तर. संस्थानच्या शाळेत नोकरीला लागले आणि मध्य भारत राज्याच्या शाळेतून निवृत्त झाले. मधल्या काळात शाळा तीच, खुर्ची तीच, वर्गातला नकाशा तेवढा बदलला. मुलांची पिढी हातातून गेली तरी त्यांची मार्क द्यायची सवय जाईना, म्हणून त्यांनी हवेचे अंदाज तपासायला घेतले. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने रकाने आखले होते. एक रकाना दिल्लीच्या रेडिओचा, एक इंदूरहून येणाऱ्या वर्तमानपत्राचा, एक पंचांगाचा, एक कापडगिरणीच्या धुराचा, आणि एक रहमतचाचांच्या टांग्याच्या घोड्याचा. रोज कोण काय म्हणालं आणि खरं काय झालं ते पाहून मार्क द्यायचे, आणि महिनाअखेर निकाल लावायचा. मी चौथीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे पास-नापास मला चांगलं कळतं. दिल्ली कायम ढकलून पास होत असे. घोडा पहिल्या वर्गात येई.

काकांचं म्हणणं असं की खोटं कुणीच बोलत नाही, फक्त प्रत्येकाला आपापल्या अंगणापुरतं दिसतं. दिल्लीला सगळा देश दिसतो, म्हणून आपण दिसत नाही. घोड्याला फक्त फ्रीगंजचा रस्ता दिसतो, पण तो नीट दिसतो. मग कुणाचं कधी ऐकायचं याचं त्यांनी एक कोष्टकच बसवलं होतं. येईल त्याला ते ऐकवत. "दोन घटकांसाठी घोडा, उद्यासाठी मीठ, दोन दिवसांसाठी रेडिओ, वर्षासाठी पंचांग आणि त्यापुढे महाकाल." यातलं 'मीठ' काय आहे ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा सासऱ्यांसमोर तोंड वर करून बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरायचा, विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायचं, की झालं.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. टॉवर चौकात एका शेववाल्याच्या दुकानात होता. बातम्यांच्या वेळेला काका छत्री घेऊन तिथे हजर. बातम्या संपत आल्या की दुकानदार गाण्यांसाठी खुंटी पिळायला हात पुढे करी आणि काका छत्रीची मूठ त्याच्या मनगटाला अडकवत.

"काकासाब, गाना तो सुनने दो! गिऱ्हाईक बैठे हैं."

"पहले हवा, फिर गाना. तुझी शेव उद्या सर्द झाली की मग मला विचारायला येशील."

"अरे मेरी शेव की फिकर आप मत करो, आप शेव खाओ!" असं म्हणून तो मूठभर शेव कागदावर ठेवी. काका ती खात, कुरकुरीत आहे की नाही हे पाहत आणि घरी आल्यावर त्याचेही मार्क मांडत.

छत्रीच्या बाबतीत तर त्यांचं सगळंच उलट होतं. रेडिओने पाऊस सांगितला की बाहेर लख्ख ऊन असलं तरी ते छत्री उघडूनच चालत. कुणी हसलं तर म्हणत, "अंदाज दिलाय ना त्यांनी? मग मान ठेवायला हवा." आणि कोरडं सांगितलेल्या दिवशी सर आली तर छत्री बगलेत मिटलेली ठेवून, भिजत, ताठ मानेने घरी येत. काकू दारात टॉवेल घेऊन उभ्याच असायच्या. "ह्यांना आभाळातलं सगळं समजतं," त्या मला म्हणायच्या, "घरातली कणीक संपलेली तेवढी समजत नाही."

राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षी काकांवर मोठंच संकट कोसळलं. मध्य भारत गेला आणि मध्य प्रदेश आला. लोक राजधानी कुठली, बदल्या कुठे, कचेऱ्या कुणाच्या यावर भांडत होते. काकांना एकच काळजी होती. पूर्वी अंदाजात येणारा मुलूख लहान होता, आता तो पार कुठच्या कुठे जंगलापर्यंत पसरला. "सीमा बदलली ती माणसांनी. ढगांना कुणी कळवलं का?" असं ते भाजीवालीला विचारत. नव्या राज्याच्या अंदाजात रोज तेच वाक्य येई, 'राज्य में कहीं-कहीं वर्षा की संभावना है।' काकांनी सरकारला पोस्टकार्ड टाकलं. त्यात लिहिलं होतं की कहीं-कहीं म्हणजे नेमकं कुठे ते कळवावं, आणि माधव नगर पहिल्या 'कहीं'त येतं की दुसऱ्या, याचा खुलासा व्हावा. उत्तर आलं नाही. काकांनी दाराच्या मागे सरकारच्या नावाने नवा रकाना काढला आणि त्यात पहिल्याच दिवशी भोपळा दिला.

या सगळ्यात रोज सकाळी एक गोष्ट मात्र न चुकता व्हायची. आमटीला उकळी आली की काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत, भिंतीकडे बघत आणि विचारत, "सूनबाई, मीठ कसं आहे?"

मी पदर सावरून म्हणे, "बरं आहे, काका."

"ठीक." म्हणून ते वळत. मला त्याचं फार कौतुक वाटे. एवढा हवेत राहणारा माणूस, पण सुनेच्या आमटीची चौकशी केल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही! खरं सांगायचं तर नैवेद्याआधी चाखायचं नसतं, त्यामुळे आमटीत मीठ बरं आहे की नाही हे मलाही ठाऊक नसायचं. मीही अंदाजच सांगत होते. चातुर्मासात तेवढे ते विचारत नसत. मला वाटे, त्या दिवसांत त्यांचे उपास असतात म्हणून.

अशी अकरा वर्षं गेली. कुसुम लग्नाची झाली आणि रतलामकडचं एक स्थळ जुळलं. मुलाचे वडील स्टेशनमास्तर, बोलायला रोखठोक. कुसुमला दोन ठिकाणांहून नकार आला होता, तेव्हापासून ती फारशी हसत नसे. त्यामुळे हे लग्न विनातक्रार पार पडावं म्हणून काकूंनी देव पाण्यात घातले होते. लग्न माघातलं. आमच्याकडे माघात पाणी पडतंच असं नाही, पण मावठा आला तर सांगून येत नाही. घरामागच्या मैदानात मांडव घालून उघड्यावर पंगत करायची, की रामघाटाजवळच्या धर्मशाळेची ओसरी घ्यायची, एवढंच ठरायचं होतं. धर्मशाळेवाल्याने सांगितलं होतं, "कल के लिए आज दोपहर तक बोल दो, नहीं तो यात्रावालों को दे दूँगा."

काकू म्हणाल्या, "धर्मशाळाच घ्या. लांब पडली तर पडू दे."

"लांब म्हणजे काय! वऱ्हाड टांग्यांनी न्यायचं, आणायचं, म्हाताऱ्यांनी घाटाच्या पायऱ्या उतरायच्या," काका म्हणाले. "मी काय नुसता बसलोय का? बघून सांगतो."

आदल्या दिवशी सकाळपासून त्यांनी सगळ्यांची परीक्षा घेतली. रेडिओ म्हणाला कहीं-कहीं. इंदूरचं वर्तमानपत्र म्हणालं कोरडं, पण ते कालचं होतं. गिरणीचा धूर सरळ वर जात होता. घोडा शांत होता, पण घोडा दोन घटकांपुरताच. उद्याचं कुणी सांगेना. मग काका उंबऱ्याशी आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी तीस माणसांच्या वरणाशी झगडत होते. बरणीतलं मीठ सकाळपासून गोळा होऊन बसलं होतं, चमचा आत शिरेना. खरवडून जेवढं निघालं तेवढंच घातलं होतं, आणि ते पुरेसं नाही हे मला न चाखताही कळत होतं.

"सूनबाई, मीठ कसं आहे?"

खोटं कसं बोलू? पाहुण्यांच्या पानात जायचं होतं. मी म्हटलं, "आज जरा कमी आहे, काका."

काकांचा चेहरा उजळला. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच इतकं सविस्तर बोलले होते. "कमी? नेहमीपेक्षा कमी?"

"हो."

"झालं तर!" ते बाहेर जाऊन गरजले, "धर्मशाळेला नाही म्हणून सांगा! मांडव मैदानातच!"

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तोवर ऊन होतं. पंगत बसली, पत्रावळींवर भात पडला, वरण आलं, आणि वरणापाठोपाठ वरून पाणी आलं. आधी टपोरे चार थेंब, मग चांगली सरच. बायका मुलांना घेऊन पडवीकडे पळाल्या. पत्रावळी तरंगायला लागल्या. आचारी जिलबीच्या कढईवर स्वतःचा सदरा धरून उभा राहिला. कुसुम नव्या शालूत खांबाला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पावसाचं नव्हतं हे मला लांबूनही दिसलं.

व्याही मात्र पाटावरून उठले नाहीत. भिजत बसून राहिले, तशा काकू पाण्यात घातलेल्या देवांना पुन्हा हात जोडायला आत पळाल्या. तेवढ्यात काका छत्री उघडून मैदानात शिरले. व्याह्यांच्या डोक्यावर नव्हे, त्यांच्या पत्रावळीवर त्यांनी छत्री धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले.

व्याही म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर कोरडं राहील म्हणाला होतात."

"राहणार आहे ना," काका म्हणाले. "संध्याकाळी पाचला."

व्याह्यांनी भाताचा एक घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाले, "मी जन्मभर गाड्यांची वाट बघितलीय, मास्तर. चार-पाच तास म्हणजे काहीच नाही. जिलबी येऊ द्या." आणि ते असे हसले, असे हसले की हळूहळू पडवीतली माणसंसुद्धा आपापली पानं उचलून परत येऊन बसली. कुसुम शालूचं टोक तोंडाला लावून हसली. तिचं ते हसू मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

पाठवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काका खडू घेऊन दारामागे गेले. सगळ्यांना मार्क देऊन झाले, आणि ते अगदी खालच्या रकान्यापाशी थांबले. चुलीशी बसलं की मला तो रोज दिसायचा, पण त्यावर काय लिहिलंय ते मी कधी जवळ जाऊन वाचलंच नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'सूनबाई (मीठ)'.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा एवढं चुकलं बघ तुझं मीठ," ते हळहळून म्हणाले. "ओल कमी म्हणालीस, आणि पाणी पडलं."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी पदर सावरायचंही विसरले. "काका, ओल नाही हो. मी वरणातलं मीठ सांगत होते. तुम्ही रोज विचारत होतात ते मला आमटीतलंच वाटे. बरणीतलं तर परवा ओल धरून नुसतं दगड झालं होतं. म्हणून तर वरणात कमी पडलं."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हसायला सुरुवात केली. काकांनी हातातला खडू खाली ठेवला. "म्हणजे अकरा वर्षं मी आमटीवरून आभाळ सांगत होतो?"

"मीही चाखलेली नसायची," मी म्हटलं. एकदा तोंड उघडलंच होतं, तर सगळंच सांगून टाकलं.

"आणि तरी सगळ्यांत जास्त मार्क तुलाच!" ते म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले, ते स्वतःशीच मान हलवायला लागले. "बरोबर आहे. या माळव्यात चातुर्मास सोडून रोज 'बरं आहे' म्हणणारा माणूस कधी फारसा चुकायचा नाही. दिल्लीला हे अजून कळलेलं नाही."

त्या दिवसापासून ते स्पष्ट विचारत, "सूनबाई, बरणीतलं मीठ कसं आहे?" मी झाकण काढून, दोन बोटांत खडा चोळून नीट सांगे. तेवढ्यावरून आमच्या गप्पा सुरू झाल्या. ते मला नकाशावर वारे दाखवत, आणि मी त्यांना पापड कधी वाळत घालू नये ते सांगे. ह्यांना आश्चर्य वाटे की घरात मला एवढं बोलता येतं.

पुढे काकांनी अंथरूण धरलं ते भाद्रपदात. डॉक्टर येऊन गेले होते आणि ओसरीत ह्यांच्याशी हळू आवाजात बोलून गेले होते. मी पेज घेऊन आत गेले. त्यांनी भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, मीठ कसं आहे?"

चातुर्मासात ते कधी विचारत नसत. मी म्हटलं, "बरं आहे, काका."

त्यांनी पेजेचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "आमटीतलं की बरणीतलं?"

मला खोटं बोलता येईना; बरणीतलं तर दगड झालं होतं. "आमटीतलं," मी म्हटलं.

ते हसले. "मग छत्री दाराशी काढून ठेव."

मी ठेवली. अजून तिथेच आहे. जाताना ती घेऊन जायचं तेवढं त्यांचं राहून गेलं.