काढून ठेवलेला रोटर

आमच्या पोर्चमध्ये एक लाल गाडी उभी आहे. दोन माणसांची, कापडी टपाची, इंग्लंडात बनलेली आणि आम्हा दोघांच्याही जन्माआधीची. आत बसलं की बूड आता रस्त्याला घासतंय असं वाटतं. आमच्या सावेडीतल्या शहाण्या माणसांकडे दोन-दोन स्कूटर आहेत. आमच्याकडे एक स्कूटर आणि ही माझी सवत. मी तिला तिच्या तोंडावर सवत म्हणत आले आणि हे हसत आले.

हे म्हणजे माझे यजमान. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवायचे. सासरे भिक्षुकी करायचे, त्यामुळे घरात पळी-पंचपात्र आणि पाने-पकडी एकाच कपाटात. कॅम्पातले एक रिटायर झालेले लष्करी अधिकारी मुलाकडे परदेशी कायमचे निघाले, तेव्हा त्यांची ही गाडी चिंचेखाली पडून होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. ह्यांनी ती टेम्पोत घालून घरी आणली. सासऱ्यांनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सत्यनारायणाला हिच्यातून जायचं का रे आता मी?"

पण बाई चालू झाली. कशी झाली ते माझं मला माहीत, कारण लग्नानंतरचे माझे सगळे रविवार तिच्या पायात गेले. तिचे नट इंचाचे, आपले पाने त्यांना बसतच नाहीत. तिच्या बॅटरीच्या तारा सगळ्या जगाच्या उलट्या जोडायच्या. इंजिनाखाली तेल ठिबकायचं म्हणून माझी पुरणाची परात तिच्याखाली गेली, ती गेलीच. मी प्राथमिक शाळेतली बाई, अख्खा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवणारी. आणि रविवारी मात्र टॉर्च धरून उभी, वर ओरडा खात. "अगं, उजेड नटावर पाड, माझ्या टकलावर नको!"

एकदा भंडारदऱ्याला निघालो होतो. अकोल्याच्या पुढे चढावर पेट्रोलचा पंप तापला आणि गाडी बसली. ह्यांनी पाण्याची बाटली माझ्या पदरावर ओतली आणि ओला पदर पंपावर दाबून धरायला लावला. मागून जीप येत होत्या, लोक वाकून बघत होते, आणि मी रस्त्याच्या मधोमध गाडीला जुंपल्यासारखी उभी. इतका राग आला होता! आणि मग ती चालू झाली, टप उघडा, समोर भाताची खाचरं, आणि हे जोरजोरात गायला लागले. आवाज भसाडा. मी मेले लाजेने. पण त्या दिवसासारखी मी पुन्हा कधी सुखी झाले नाही, हेही खरंच.

बिघाड शोधायची ह्यांची पद्धत ठरलेली. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. अंदाजाने पाना लावायचा नाही. "गाडी खोटं बोलत नाही, आपण नीट विचारत नाही," असं मुलांना सांगायचे, आणि मुलं नसली की मला. ऐकून ऐकून मलाही येऊ लागलं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनातली ठिणगी वाटणारी वाटी. तिच्या झाकणाखाली अंगठ्याच्या पेराएवढा एक काळा तुकडा फिरतो, तो रोटर. तो नसला तर बॅटरी कितीही नवी असू दे, गाडी नुसती घुरघुरणार. कुठल्या लग्नाला गेलो की हे झाकण उघडून रोटर शर्टाच्या खिशात टाकायचे. "आता ने म्हणावं कोण नेतो ते." पंगतीत वाकले की तो खिशातून बाहेर यायचा आणि लोक विचारायचे, हे काय, औषध का?

मग ह्यांचे शब्द जायला लागले. आधी पान्याचं नाव, मग शेजाऱ्यांचं. मी म्हटलं, वय झालं, माझंही होतं असं. मुलगी पुण्याहून आली, तिला दोन दिवसांत कळलं ते मला वर्षभर कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे आता असंच उतरत जाणार. गाडी चालवू देऊ नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन ह्यांना काहीच बोलले नाही.

एका दुपारी मी भाजी घेऊन परत आले तर पोर्च रिकामा. तेलाची परात तेवढी उघडी. शोधशोध केली, आणि संध्याकाळी फोन आला. पारनेरच्या रस्त्यावरून कुणी शेतकरी बोलत होते. ह्यांच्या पाकिटात मी नंबर घालून ठेवला होता, तो त्यांनी बघितला.

"ताई, तुमचं सायब हितं आमच्या वस्तीवर बसल्यात. काळजी करू नका, च्या दिलाय. गाडी लई भारी हाय वो. पन घर कुठं इचारलं तर नुस्तं हसत्यात."

रिक्षाने गेले. हे बाजेवर बसले होते, मांडीवर कुणाचं तरी नातवंड. मला बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. ह्या लोकांना सोडून निघवत नव्हतं." त्या शेतकऱ्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली. येताना गाडी मी चालवली, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब, आणि रस्ताभर रडत चालवली. हे शेजारी बसून गिअर टाकताना होणारा आवाज ऐकून दात-ओठ खात होते.

मुलगी म्हणाली, विकून टाक. मी फोनवर अशी तुटून पडले तिच्यावर की बिचारी दोन दिवस बोलली नाही. चावी लपवून उपयोग नव्हता. चावीवाचून तारा जोडून ती चालू करणं ह्यांच्या हाताला पाठ होतं, आणि हाताचं पाठांतर अजून शाबूत होतं. तेव्हा हे झोपलेले असताना दुपारी मी झाकणाच्या दोन्ही क्लिपा सोडल्या, रोटर उपटला आणि माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे टाकला. ह्यांनीच शिकवलेली विद्या ह्यांच्यावरच चालवली. आणि त्याची मला लाज नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

पण पुढचं मी धरलं नव्हतं. गाडी चालू होईना म्हटल्यावर हे खचतील, दोन दिवस धुसफुसतील आणि सोडून देतील असं मला वाटलं होतं. कसले सोडतायत! रोज नाश्ता झाला की बाह्या वर करून पोर्चमध्ये. "चल गं, आज बघूच काय झालंय हिला." मी खुर्ची टाकून शेजारी बसायची. प्लग काढायचे, घासायचे, परत लावायचे. कार्बोरेटर उघडायचे. बॅटरी चार्जिंगला लावायचे. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकी तरतरी आली, की मलाच वाटलं, औषधापेक्षा हेच बरं.

मग एक दिवस ह्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत मोकळा दांडा उभा होता, रोटर नसलेला, अगदी समोर. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला दिसला असता. ह्यांनी वाकून बघितलं. पॉइंट साफ केले. फुंकर मारली. फडक्याने आतून पुसलं, झाकण लावलं, दोन्ही क्लिपा टक टक बसवल्या आणि म्हणाले, "इथलं सगळं ठीक आहे."

मी आत गेले आणि नळ सोडून रडले. देवा रे, डॉक्टरांच्या सगळ्या कागदांनी मला जे सांगितलं नव्हतं ते त्या झाकणाने सांगितलं.

तेव्हापासून मला एक वेडच लागलं. गाडी चालू व्हायला नको होती, ह्यांनी रस्त्यावर जायला नको होतं, हे तर होतंच. पण ह्यांना कळावं, एवढं तरी कळावं, की रोटर नाही. एकदा ओरडावं माझ्यावर. ज्या दिवशी ओरडतील, त्या दिवशी माझा नवरा अजून घरात आहे असं मी धरणार होते. झाकण उघडलं की मी श्वास धरून बसायची. हे बघायचे, पुसायचे, बंद करायचे. संध्याकाळी दमून म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकतंय गं. इतकी साधी गाडी, मला सापडेना." आणि मी काय म्हणायची? "सापडेल हो, उद्या बघू." शरम वाटायची असं बोलताना, पण बोलायची.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं. विळी, अडकित्ता, ह्यांचे पाने, सगळी. आणि दरवर्षी माझी शिलाई मशीन पुसून तिला तेल देणं हे ह्यांचं काम. मी विसरले! इतकी वर्षं बघत आले आणि नेमकं तेच विसरले. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेरून आवाज आला, "अगं, हा इथं कसा?"

हात तसेच घेऊन बाहेर आले. मशीनचा खण उघडा, बॉबिना खाली, आणि ह्यांच्या तळहातावर रोटर.

"तू काढलास?"

"हो."

मला वाटलं आता ओरडणार. ओरडावं म्हणून तर मी जीव टाकत होते. पण हे मशीनच्या स्टुलावर बसले. रोटर उलटापालटा करून बघितला. चेहरा इतका स्वच्छ, कित्येक महिन्यांत बघितला नव्हता तसा.

"मी कुठं गेलो होतो का?"

"पारनेरच्या रस्त्याला. घर आठवलं नाही तुम्हाला."

"कुणाला लागलं वगैरे नाही ना?"

"नाही हो."

ह्यांनी रोटर फडक्याने पुसला, पाटावर पान्यांच्या शेजारी ठेवला, त्याला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला. आणि उचलून माझ्या पिठाच्या हातात दिला.

"बरं केलंस. आता असा ठेव, की मला सापडणार नाही. मी मागितला तर देऊ नकोस. ओरडलो, रडलो, काय वाट्टेल ते केलं, तरी देऊ नकोस. मला वचन दे."

मी दिलं. ह्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून इतकी रडले, की कणकेचा हात ह्यांच्या पूजेच्या धोतराला लागला. त्या दुपारी आम्ही दोघं जेवलो, बोललो, जुनं सगळं बोललो. हे होते. अख्खी दुपार हे माझ्याजवळ होते. संध्याकाळी मी रोटर शेजारच्या काकूंकडे नेऊन दिला.

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार घेऊन हे पोर्चमध्ये गेले. बॉनेटवर हार घातला, चाकांना कुंकू लावलं आणि स्टार्टर ओढला. गाडी घुरघुरली आणि थांबली. पुन्हा घुरघुरली. हे उतरले, बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं. आधी ठिणगी. झाकणाच्या क्लिपा सोडल्या आणि वाकले.

मी खुर्चीत होते. सवयीने बघत होते, आता काही अपेक्षा न करता.

हे सरळ झाले. त्या मोकळ्या दांड्यावर बोट ठेवलं आणि वर्गात विचारायचे तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, सापडलं! रोटरच नाही यात!"

मी उभी राहिले. ह्यांचे डोळे चमकत होते. हात ग्रीसने काळे, कपाळावर कुंकू, आणि असा आनंद, लहान पोराचा. मग माझ्याकडे वळले.

"रोटर कुठं गेला गं? तू बघितलास का?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी नाही बघितला."